‘लाइफटाइम’ की सहा महिन्यांत मेली

६९९ रुपयांत विंडोज ११ प्रो, ‘लाइफटाइम’, ‘१०० टक्के ओरिजिनल’. शॉपिंग साइटवर अशा जाहिरातींचा सुळसुळाट आहे. घरी पीसी असेंबल करणारे नेमके यालाच भुलतात, कारण प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी, कॅबिनेट घेईपर्यंत बजेट संपलेलं असतं आणि विंडोजच्या ‘होम’ या साध्या आवृत्तीचं रिटेल लायसन्ससुद्धा दहा हजारांच्या घरात जातं. मुलीसाठी पीसी जोडला तेव्हा मीही अशीच एक की, म्हणजे विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायचा कोड, घेतली. सविस्तर लिहितोय, कारण यातली मेख पहिल्या दिवशी दिसत नाही.

पैसे भरल्यावर डबा-बिबा काही आला नाही. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पंचवीस अक्षरांची की पाठवली आणि सोबत तीन ओळी. कमांड प्रॉम्प्ट उघडून एकामागून एक पेस्ट करायच्या. पहिली ओळ की टाकते, तिसरी अ‍ॅक्टिव्हेट करते. खरा डाव मधल्या ओळीत, तिच्यात कुठल्याशा सर्व्हरचा पत्ता होता. हे कशाला, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, फास्ट अ‍ॅक्टिव्हेशनसाठी आहे, टेन्शन घेऊ नका.’ मिनिटभरात कोपऱ्यातला वॉटरमार्क गेला आणि लगेच पाच स्टार द्या म्हणून मेसेज.

सहा महिने उलटले आणि लायसन्सची मुदत संपत आल्याची सूचना येऊ लागली. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर लिहिलेलं, तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही. आमच्या दोन खोल्यांत कुठली आलीय संस्था! विक्रेत्याचा नंबर बंद, साइटवरून दुकानही गायब.

प्रकार असा आहे. शेकडो कॉम्प्युटर असलेल्या कंपन्या आणि कॉलेजांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर आतले कॉम्प्युटर अ‍ॅक्टिव्हेट करतो, पण एका वेळी १८० दिवसांपुरतेच. कॉम्प्युटर दर सात दिवसांनी त्या सर्व्हरकडे हजेरी लावतो आणि मुदत पुन्हा १८० दिवसांची होते. मधल्या ओळीने आमचा पीसी अशाच कुणाच्या तरी सर्व्हरला बांधला होता. तो सर्व्हर आम्ही अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर काही दिवसांतच बंद पडला असणार, नाहीतर मुदत वाढत राहिली असती. आणि ती की? डब्ल्यू२६९एन या अक्षरांनी सुरू होणारी. मायक्रोसॉफ्टच्याच वेबसाइटवर ती सगळ्यांसाठी उघडी छापलेली आहे. तिच्यासोबत लायसन्स येतच नाही.

रिटर्नची मुदत आठ-दहा दिवसांची आणि की मरते सहा महिन्यांनी. या धंद्याचं सगळं गणित यातच आहे.

म्हणून तपासायचं ते पहिल्याच दिवशी. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एसएलएमजीआर, मग एक स्पेस, स्लॅश आणि डीएलआय टाइप करा. जी खिडकी उघडेल तिच्यात कुठलं चॅनेल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, लिहिलंय ते बघा. ‘व्हॉल्यूम’ दिसलं, मग पुढे केएमएस असो की एमएके, तर घरच्या पीसीवर त्याचं काही काम नाही. तिथेच पैसे परत मागा. एमएके म्हणजे एखाद्या कंपनीची ठरावीक अ‍ॅक्टिव्हेशनची की, ती फोडून सुटी विकतात आणि मायक्रोसॉफ्ट कधीही ब्लॉक करू शकतं. ‘रिटेल’ दिसलं म्हणजे सगळं चोख असंही नाही. बिल बघा. माझ्या बिलावर लायसन्सचा उल्लेखच नव्हता, ‘सॉफ्टवेअर असिस्टन्स’ असं लिहिलं होतं आणि जीएसटी नंबरची जागा कोरी.

ओईएमबद्दलही, म्हणजे नव्या पीसीसोबत विकायच्या लायसन्सबद्दलही सांगतो, कारण पार्ट्सवाले तेच गळ्यात मारतात. ते स्वस्त पडतं, पण मदरबोर्डला चिकटतं. उद्या बोर्ड जळला तर लायसन्सही गेलं. रिटेल नव्या बोर्डवर नेता येतं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि बिल जपून ठेवलं होतं, ते उपयोगी पडलं. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

नुसतं ब्राउझिंग आणि लिखाण असतं तर मी विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली असती, फुकट आहे आणि चांगलं चालतं. पण मुलीच्या कोर्सचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून होमचं रिटेल घेतलं. प्रोवर होमची की चालत नाही, त्यामुळे सगळा डेटा बाहेर काढून विंडोज पुन्हा कोरं टाकावं लागलं. यात रविवार गेला.