केस कुरळे राहू द्यावे की सरळ करावे? नागपूरचं पाणी आणि ऊन धरून हिशेब

भाचीचा फोन आला तेव्हा ती पार्लरच्या खुर्चीतच बसली होती. "मावशी, केस सरळ करायला केराटिन करून टाकू का? साडेपाच हजार सांगते ती. दिवाळीपर्यंत टिकते म्हणे." मी विचारलं, "डोकं कोणत्या पाण्यानं धुतेस गं?" पलीकडे शांतता. बेसाकडच्या त्यांच्या फ्लॅट स्कीममध्ये नळाचं पाणी पिण्यापुरतं, बाकी सगळं बोअरचं. म्हटलं, आज ऊठ तिथून, आधी बादली बघू.

दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाका आणि खळखळून हलवा. तिच्याकडे नळाच्या बाटलीत फेस उभा राहिला. बोअरच्या बाटलीत पाणी नुसतं दुधाळ झालं, वर चिकट साय तरंगली. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं हे काम. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, त्याचीच पुटं केसांवर बसतात. सरळ केसाला डोक्यातलं तेल टोकापर्यंत पोचून थोडा आधार देतं. कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडतं, म्हणून टोकं आधीच कोरडी, त्यात हे पाणी. गुंता होतो, फाटे फुटतात, आणि आपण म्हणतो, आपले केसच वाईट.

आता पार्लरची बाजू. तिथे केराटिन, स्मूदनिंग, रिबाँडिंग, बोटॉक्स ही नावं एका दमात ऐकवतात, पण ती एक नव्हेत. रिबाँडिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध तोडून नव्या आकारात जोडतात. तेवढा केस कायमचा सरळ, मुळाशी उगवणारा मात्र कुरळाच. केराटिन म्हणजे बहुतेक वेळा वरून चढवलेला थर. तो तीन-चार महिन्यांत धुऊन जातो. (बोटॉक्समध्ये सुईही नसते नि ते औषधही नसतं, नावच तेवढं.) केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे रिबाँडिंगनंतर चार महिन्यांनी वर पाच सेंटिमीटर कुरळं आणि खाली सगळं सरळ. त्या सांध्यावर केस तुटतात.

फायदा खरा आहे, तो नाकारणार नाही. सकाळी डबे भरून साडेआठला निघणाऱ्या बाईला कंगवा एकदा फिरवून बाहेर पडता येतं, याची किंमत तिलाच ठाऊक. पण दोन गोष्टी विचारून घ्या. क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलंय आणि गरम इस्त्रीखाली त्याचीच वाफ नाकात जाते. त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड आहे का? ते वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेलेत. क्रीमचा डबा दाखवायला जी का-कू करते, तिथून उठावं. शिवाय मे महिन्यात दुपट्टा आणि त्यावर हेल्मेट घालून डोकं असं घामेजतं की एक दिवसाआड धुवावंच लागतं. जितकं धुवाल तितका तो थर लवकर जाणार.

कुरळे ठेवायचे तर पैसा कमी, हात जास्त. पहिला बदल पाण्याचा. शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची ठेवा. तीही नसेल तर शाम्पूनंतर मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ओता आणि पुन्हा धुवा. ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रसायन) असलेला, साचलेली पुटं काढणारा क्लॅरिफायिंग शाम्पू महिन्यातून एकदा पुरे. शिकेकाई-रिठ्याची या पाण्यात साबणासारखी साय धरत नाही, ही तिची जमेची बाजू. पण पूड थेट डोक्यावर थापली की कुरळ्यांत भुसा अडकतो. उकळून गाळूनच घ्या. रिठा कमी घाला, तो केस खरखरीत करतो आणि डोळ्यांत गेला की विचारू नका. अंगाचा साबण डोक्याला कधीच नाही.

धुण्याआधी खोबरेल लावा, ते केसात मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेला असताना, जाड दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर. कोरड्या केसांत बारीक फणी घालणं म्हणजे उभं पीक उपटणं.

जेलच्या महागड्या ट्यूबऐवजी आपल्याकडे जवस आहे. ज्याची चटणी करतो तेच. इतवारीत पावभर घेतलं तर महिनाभर पुरतं. चार चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की लगेच गाळायचं. मी पहिल्यांदा गार व्हायला ठेवलं आणि फोनवर बोलत बसले. मग ते गाळणीतून उतरेचना, शेवटी जुन्या ओढणीत घालून दोघींनी पिळलं, ओट्याला तीन दिवस चिकटत होतं. म्हणून गरम असतानाच गाळा. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून मुठीत दाबायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

ऋतूही बघा. कूलरसमोर बसलेली मी आणि दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलला उभी मी, दोघींचे केस एका डोक्यावरचे वाटत नाहीत. ग्लिसरीनची क्रीमं पावसाळ्याआधी फारशी कामाची नाहीत, कारण हवेत ओढायला ओलच नसते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सुती दुपट्ट्याच्या आत आईच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधा, घर्षण वाचतं.

मग कोणी काय करावं? केस आधीच रंगवलेले, तुटके असतील किंवा पोटात बाळ असेल तर पार्लर सध्या नको. नळाचं पाणी आहे, केस धडधाकट आहेत आणि सकाळी खरंच वेळ नाही, तर डबा वाचून केराटिन करा, रिबाँडिंग नको. बोअरच्या पाण्यावर राहत असाल तर आधी दोन महिने बादली बदलून बघा.

भाची अजून ठरवतेय. परवा तिनं फोटो पाठवला, कपाळावर दोन वळणं नीट बसलेली. खाली लिहिलं होतं, "जवस संपलं मावशी, आईनं चटणी केली."