मशीन आणि त्याचे सेटिंग : नौपाड्यातील एका श्रवणयंत्र केंद्राविषयी

ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रस्त्यापासून पायी पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील केंद्रातून मी गेल्या फेब्रुवारीत दोन्ही कानांची यंत्रे घेतली. एक पावसाळा काढल्याशिवाय अभिप्राय लिहायचा नाही असे तेव्हाच ठरवले होते, म्हणून आता ऑगस्टच्या अखेरीस लिहीत आहे. माझे वय ६४ आहे आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या विभागात, मी ३१ वर्षे काम केले आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या कामाचे कौतुक करणार आहे ते तेथील ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंच्या हातचे आहे आणि उद्या त्या दुसरीकडे गेल्या तर केवळ पाटी पाहून कोणी जाऊ नये. त्याऐवजी तिथे काय केले जाते ते तपशिलाने लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या भागातील केंद्रातही तेच मागता येईल.

मला ऐकू येत नव्हते असे म्हणणे बरोबर नाही. आवाज येत होता, शब्द येत नव्हता. घरातले लोक मोठ्याने बोलू लागले की मला ते ओरडत आहेत असे वाटे आणि तरीही नेमके काय म्हणाले ते कळत नसे. जानेवारीतली गोष्ट आहे. पत्नी भाजी आणायला जांभळी नाक्याला निघाली आणि जाताना, ‘अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा,’ असे सांगून गेली. मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि स्वयंपाकघराचे दार लोटलेले होते. एक शिट्टी मला अस्पष्ट ऐकू आली आणि उरलेल्या दोन शिट्ट्यांची मी वाट पाहत राहिलो. जळका वास आला म्हणून उठलो, तेवढ्यात तीही दारात आली. कुकरमधले पाणी आटून डाळीचा कोळसा झाला होता आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. ती एक शब्दही रागाने बोलली नाही. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि त्यानंतर कुकरकडे लक्ष ठेवायला मला कधी सांगितले नाही. रागावली असती तर इतके लागले नसते.

वास्तविक तेव्हाही माझ्या कपाटात एक श्रवणयंत्र पडलेलेच होते. दोन वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या एका दुकानातून ते घेतले होते. तिथे रस्त्याचा आवाज येणाऱ्या खोलीत, साध्या खुर्चीवर बसवून, वीस मिनिटांत तपासणी आटोपली होती. कानात मळ आहे का हेसुद्धा कोणी पाहिले नाही. एका कानाचे पुरे, असे सांगून त्यांनी उजव्या कानाला यंत्र लावले, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण दाखवले आणि पावती फाडली. घरी त्या यंत्राने भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघर तेवढी वाढवली, बोलणे होते तसेच राहिले. तीन आठवड्यांनी मी ते काढून ठेवले आणि कानाच्या मशीनचा काही उपयोग नसतो असे चारचौघांत सांगू लागलो. त्या चुकीच्या सांगण्याने दोघा-तिघांनी तरी तपासणी पुढे ढकलली असेल, याचे मला आज वाईट वाटते.

नव्या केंद्रात बाईंनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांची चिठ्ठी मागितली. ती नसेल तर त्या यंत्राची गोष्टच काढत नाहीत. डॉक्टरांनी मळ काढून, पडदा पाहून परत पाठवल्यावर आवाजबंद कक्षात जवळजवळ तासभर तपासणी झाली. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे जाड ते अगदी बारीक, स्वर एकेका कानाला ऐकवले, कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तशीच मोजणी पुन्हा केली, आणि शेवटी मराठी शब्दांची यादी ऐकवून एकेक शब्द मला परत म्हणायला लावला. बाहेरचा नाही तर आतला कान दुबळा झाला आहे, हे हाडावरच्या मोजणीवरून कळते, आणि शब्दांच्या चाचणीवरून यंत्राचा किती उपयोग होईल याचा अंदाज येतो. आधीच्या दुकानात या दोन्ही गोष्टी झाल्या नव्हत्या.

ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाचा, कागद समोर ठेवून त्यांनी जे समजावले, ते मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवे होते. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितका तो स्वर ऐकू यायला मोठा लागतो आणि खूण तितकी खाली जाते. माझ्या उजव्या कानाच्या खुणा ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५ अशा उतरत जातात, ४००० ला एकदम ७० वर कोसळतात आणि ८००० ला पुन्हा थोड्या वर येतात. ४००० जवळचा हा खड्डा पाहून बाईंनी विचारले, ‘काका, तुम्ही कारखान्यात होतात का?’ मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या कानांचा आलेख बहुधा असाच खचतो. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा असते हे आम्हाला माहीत होते आणि कानात घालायचे प्लग कंपनी देत होती, पण ते आमच्या खणात पडून असत. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शब्द का कळत नव्हते याचा उलगडाही त्याच कागदावर झाला. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते. त्यामुळे ‘साठ’ आणि ‘आठ’ किंवा ‘सात’ आणि ‘हात’ माझ्या कानाला सारखेच होते. ५०० ते ४००० हर्ट्झच्या या चार मुख्य पट्ट्यांची सरासरी उजव्या कानाची ४२.५ आणि डाव्याची ४५ डेसिबल निघाली, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत मध्यम. दोष दोन्ही कानांत जवळजवळ सारखाच असताना एकाच कानाला यंत्र लावणे चुकीचे होते, हे वेगळे सांगावे लागले नाही.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे कारखान्यात डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, कितीही चांगली असली तरी पहिला पीस काढून, व्हर्निअरने मोजून पास झाल्याशिवाय लॉट सुरू करत नसत. श्रवणयंत्राच्या बाबतीत हा पहिला पीस मोजणारी पद्धत आहे, तिला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, आणि या केंद्रात ती प्रत्येकासाठी करतात. यंत्र लावण्याआधी कानाच्या पोकळीत केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी पडद्याच्या जवळपर्यंत सरकवतात, तिच्या बाहेरच्या टोकाला मायक्रोफोन असतो. मग यंत्र घालून समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावतात आणि पडद्याशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो त्याची रेघ संगणकावर उमटते. ऑडिओग्रामवरून काढलेली अपेक्षित रेघ शेजारीच असते. कानाच्या पोकळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे संगणकाने सरासरीवरून सुचवलेले सेटिंग माझ्या कानात ३००० हर्ट्झच्या पुढे बरेच कमी पडत होते, आणि नेमकी तिथेच मला गरज होती. बाईंनी एकेक पट्टी उचलत दोन्ही रेघा जुळवल्या. मी ते पाहत होतो आणि खाली शिमच्या पातळ पट्ट्या घालून डाय बसवणाऱ्या आमच्या जुन्या सेटरची मला आठवण होत होती. यंत्र कोणत्या कंपनीचे, त्यात किती चॅनेल, मोबाइलला जोडता येते का, याची चौकशी सगळेच करतात. माझी विनंती आहे की ही मोजणी होते का, हा प्रश्न आधी विचारा, आणि होत नसेल तर दुसरीकडे जा.

एक आठवडा त्यांनी यंत्रे घरी वापरून पाहायला दिली. सुरुवातीला आवाज मुद्दाम कमी ठेवला होता आणि पुढच्या तीन भेटींत तो टप्प्याटप्प्याने वाढवला, कारण वर्षानुवर्षे न ऐकलेल्या आवाजांची मेंदूला पुन्हा सवय व्हावी लागते. पहिल्या दिवशी स्वतःच्या चपलांचा आणि वर्तमानपत्राच्या पानाचा आवाज इतका तीव्र वाटला की मी वैतागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर बसलो होतो आणि आतून बारीक तडतड ऐकू येऊ लागली. काहीतरी बिघडले असे वाटून मी यंत्र काढले तर तडतड थांबली, पुन्हा घातले तर सुरू झाली. उठून स्वयंपाकघरात गेलो. पत्नी फोडणी करत होती आणि कढल्यात मोहरी तडतडत होती. तो आवाज शेवटचा केव्हा ऐकला होता ते मला आठवेना, आणि मी तिथेच उभा राहून कढीपत्ता पडेपर्यंत ऐकत राहिलो.

माझी यंत्रे कानामागे बसणारी, बारीक तारेने कानात स्पीकर जाणारी आहेत आणि त्यांना तपकिरी चिकटपट्टीच्या ३१२ क्रमांकाच्या बॅटऱ्या लागतात. चिकटपट्टी काढल्यावर हवा आत शिरायला मिनिटभर थांबावे लागते, आणि एकदा ती काढली की यंत्र बंद असले तरी बॅटरी उतरतच राहते. मला एक जोडी जेमतेम आठवडाभर पुरते. बॅटरी इतकी लहान असते की माझ्या जाड बोटांतून निसटते. घरात लहान मूल असेल तर ती खाली पडलेली राहू देऊ नये, कारण गिळली गेल्यास जिवावर बेतते. जुलैच्या पावसात डावे यंत्र अचानक मुके झाले. टोकाची मळाची जाळी ओलाव्याने बंद झाली होती, केंद्रात ती दोन मिनिटांत बदलून दिली आणि कशी बदलायची ते मलाही शिकवले. तेव्हापासून रात्री यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. ठाण्याच्या हवेत ही डबी विकत घेण्यात कंजूषी करू नये.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचे बोलणे आता स्वच्छ कळते, पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा फलाटावरच्या घोषणेत अजूनही शब्द हरवतात. घोडबंदर रस्त्यावर रिक्षात बसलो की वारा मायक्रोफोनवर आदळतो आणि बोलणे जवळजवळ अशक्य होते. बाईंनी याची कल्पना यंत्र घेण्याआधीच दिली होती. स्मृतिभ्रंशाविषयीही त्यांनी घाबरवले नाही. ऐकू न येणे हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानला जातो हे त्यांनी सांगितलेच, पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत यंत्रांमुळे बुद्धीची घसरण मंदावली ती जास्त धोका असलेल्या वृद्धांत, सर्वांत मिळून फरक दिसला नाही, हेही त्यांनीच सांगितले. विकणाऱ्याच्या तोंडून दुसरे अर्धे वाक्य ऐकायला मिळणे मला मोलाचे वाटते.

केंद्राविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. इमारतीला लिफ्ट नाही आणि येणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. दुसरी अधिक गंभीर होती. भेटीची वेळ फक्त फोनवर मिळे आणि नंबर आला की आतून नावाचा पुकारा होई, त्यामुळे ज्यांना ऐकू येत नाही तेच बाकावर बसून राहत. मी लेखी कळवल्यावर आता व्हॉट्सअॅपवर वेळ मिळते आणि मदतनीस मुलगी समोर येऊन सांगते. जोडीचे मी १ लाख १० हजार रुपये दिले. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावला असेल तर विचारावे. माझ्या मेडिक्लेममधून काही मिळाले नाही. ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत जावे. १९८३ साली स्थापन झालेल्या या केंद्र सरकारी संस्थेत तपासणी होते आणि उत्पन्न व दिव्यांगत्वाच्या अटींत बसणाऱ्यांना सरकारी योजनेतून यंत्र मिळू शकते. कुठेही गेलात तरी ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे पाहून घ्या. येथे ते प्रमाणपत्र आत शिरतानाच भिंतीवर दिसते.

आमच्या शॉपमध्ये माझ्या शेजारच्या प्रेसवर २२ वर्षे काम केलेले एक सहकारी वर्तकनगरला राहतात. माझेच ऐकून त्यांनीही त्यांचे यंत्र कपाटात टाकले होते. येत्या शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. ते जुने यंत्र आणि त्याची पावती बरोबर आणा, असे मी त्यांना कागदावर लिहून दिले आहे.