फेटचा तराजू : समीकरण सोडवायला उत्तम, मांडायला मात्र वहीच हवी

'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य सहावी-सातवीतल्या मुलांना तोंडपाठ असतं. चिन्ह का बदलतं, हे विचारलं की गाडी अडते. ही अडलेली गाडी पुढे काढायला आज फुकट मिळणारं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे फेटचं 'इक्वॅलिटी एक्सप्लोरर'. फेट हा विज्ञान-गणितातल्या कल्पना पडद्यावर हाताळून बघता येतील अशी सिम्युलेशन बनवणारा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा, बोल्डर इथला उपक्रम. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. नाव नोंदवायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. मोबाइलच्या ब्राउझरवरही चालतं आणि फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या शाळेतही वापरता येतं. फेटच्या बऱ्याच सिम्युलेशनची मराठी भाषांतरंही आहेत. इथे मुळात शब्दच इतके कमी आहेत की भाषेमुळे कुणाचं अडू नये.

पडद्यावर दोन पारड्यांचा तराजू असतो. सुरुवातीच्या भागात फळांसारख्या वस्तू पारड्यांत टाकायच्या. त्यापुढे १ आणि −१ च्या चकत्या येतात, मग क्ष आणि −क्षचे ठोकळे. (पडद्यावर इंग्रजी अक्षर दिसतं, इथे आपण क्षच म्हणू.) पहिले दोन भाग दहा-पंधरा मिनिटांत संपवा. खरा माल तिसऱ्या भागापासून आहे.

तिसऱ्या भागात क्षची किंमत आपण ठरवायची आणि ठोकळे हाताने ठेवायचे. दांडी कलली की वर लिहिलेल्या दोन बाजूंमधलं चिन्हही बदलतं: कधी लहान, कधी मोठा, कधी बरोबर. ही छोटीशी सोय फार मोलाची आहे. बहुतेक मुलांसाठी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी खूण असते. ८ + ४ = __ + ५ मध्ये रिकाम्या जागी १२ लिहिणारं मूल याच समजुतीतून चुकतं. '=' म्हणजे दोन्ही पारडी सारख्या वजनाची, हे इथे डोळ्यांना दिसतं.

याच भागात एक कुलूप आहे. ते लावलं की एका पारड्यात जे कराल ते दुसऱ्यातही आपोआप होतं. डावीकडे क्ष + ३ असताना एक चकती काढली की उजवीकडचीही एक जाते. उजवीकडे काढायला १ ची चकतीच नसेल, तर तिथे −१ येऊन बसते. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' याचं उत्तर त्या −१ मध्ये आहे. पलीकडे कुणी काही नेलेलंच नसतं. दोन्हीकडून एकेक वजा केलेला असतो आणि एका बाजूला त्याची खूण शिल्लक राहते. वर्गात दाखवायचं झालं तर हे एवढं एकच दाखवा आणि तीन-चार वेळा दाखवा.

साधन कसं चालतं ते पाहायला भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं प्रसिद्ध उदाहरण घेऊ. एकाकडे सहा घोडे आणि ३०० रुपये आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी, घोडे सारख्याच किमतीचे. एका घोड्याची किंमत किती? शंभर रुपये हे एक माप धरलं की समीकरण होतं ६क्ष + ३ = १०क्ष − १. डाव्या पारड्यात सहा क्ष आणि तीन १. उजव्यात दहा क्ष आणि एक −१. क्षची किंमत १ ठेवा, दांडी सरळ राहते.

आता कुलूप लावून डावीकडचा एक क्ष उचला, उजवीकडचाही एक जातो. असं सहा वेळा केलं की उरतं ३ = ४क्ष − १. कुलूप तसंच ठेवून डाव्या पारड्यात एक १ टाका, उजवीकडेही एक पडतो. मग कुलूप काढून उजवीकडची १ ची चकती −१ वर न्या. दोन्हींभोवती वलय दिसतं आणि सोडल्यावर दोन्ही नाहीशा होतात. कर्ज फिटलं म्हणजे नेमकं काय झालं, ते इथे दिसतं. आता ४ = ४क्ष. या भागात भागाकाराचं बटण नाही, पण चार क्षसमोर चार १ मांडून वाटणी डोळ्यांनीच करता येते. क्ष म्हणजे १ माप, म्हणून घोडा १०० रुपयांचा. ताळा: ६०० + ३०० = ९००, १००० − १०० = ९००. नऊशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणात ऋण संख्या कर्जाच्या रूपाने इतकी सहज येते की ऋण पदांची ओळख करून द्यायला याहून चांगलं गणित सापडणं कठीण.

प्रत्येक पायरीनंतर कॅमेऱ्याचं बटण दाबून चित्र साठवता येतं. जागा मोजक्याच आहेत, म्हणून फक्त महत्त्वाच्या पायऱ्या साठवा. मागची पायरी परत आणून 'इथे दुसरं काही केलं असतं तर?' असं विचारणं हा या बटणाचा खरा उपयोग.

ऋण संख्या हेच खऱ्या तराजूचं दुखणं असतं. वर्गात वाण्याचा तराजू आणून, काड्यापेटीत नाणी लपवून क्ष शिकवण्याची पद्धत चांगलीच आहे. पण तिथे दोन गोष्टी चुकतात. रिकाम्या पेटीलाही वजन असतं, म्हणून डावीकडे तीन पेट्या असतील तर उजवीकडे तीन रिकाम्या पेट्या पासंग म्हणून ठेवाव्या लागतात. आणि नाणी एकाच प्रकारची लागतात: २०११ पासूनचं एक रुपयाचं नाणं त्याआधीच्यापेक्षा हलकं आहे, दोन्ही मिसळली की बरोबर समीकरणही कलतं. राजम्याचे दाणे तर घेऊच नका, एकसारखे नसतात. एवढं जमवलं तरी −१ ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. तरीही पहिला तास खऱ्या तराजूवरच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पारडं खाली जाताना हाताला जे कळतं ते काचेवर बोट फिरवून कळत नाही. ऋण पदं आली की फेटकडे वळा.

चौथ्या भागात ठोकळे उचलत नाहीत. +, −, ×, ÷ यांतलं चिन्ह निवडायचं, संख्या किंवा क्षचं पद निवडायचं आणि बटण दाबायचं. क्रिया दोन्ही बाजूंवर एकदमच होते. पाचवा भाग सरावाचा, पाच पातळ्यांचा. एका पायरीत सुटणाऱ्या समीकरणांपासून दोन्ही बाजूंना क्ष असलेल्यांपर्यंत चढण आहे, मध्ये अपूर्णांक येतात. मुलं अडकतात ती इथेच, आणि अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा ३क्ष + ५ = २० सारखी. मूल थेट ÷ ३ करतं. चूक काहीच नाही, पण समोर येतं क्ष + ५/३ = २०/३, आणि वजा करायला ५/३ निवडावं म्हटलं तर तिथे पूर्णांकच आहेत. मूल गांगरतं. अशा वेळी × ३ करून मागे आणा आणि क्रम बोलून दाखवा: क्षला आधी तिप्पट केलं, मग ५ मिळवले, सोडवताना शेवटची क्रिया आधी उलटवायची. मोजे आधी घातले, बूट नंतर. काढताना बूट आधी.

याच मर्यादेचा एक चांगला परिणामही होतो. क्ष/२ + १/३ = ५/६ समोर आलं की १/३ वजा करण्याची वाटच बंद असते. मुलाला ६ ने गुणून छेद घालवावे लागतात: ३क्ष + २ = ५, क्ष = १. वहीवर सोडवतानाही हीच सवय कामी येते.

दुसरी जागा ७ − क्ष = ३. सात वजा केले की −क्ष = −४ उरतं आणि पुष्कळ मुलं इथेच थांबतात किंवा घाईने 'क्ष = −४' म्हणतात. पडद्यावर मात्र क्ष एकटा, धन चिन्हाने उरल्याशिवाय गणित सुटल्याचं दिसत नाही. −१ ने गुणा किंवा भागा.

तिसरी अडचण गणिताची नाही, बोटांची आहे. बटण दाबून बघण्यात धोका नसल्यामुळे मूल अंदाजपंचे दाबत सुटतं. उपाय साधा: आधी वहीत 'दोन्ही बाजूंतून ५ वजा' असं लिहायचं, पुढची ओळ स्वतः काढायची, मगच बटण दाबून ती जुळते का ते पाहायचं. हा नियम न पाळता वापरलं तर साधन घात करतं. वीसातून पाच गेले किती, हेसुद्धा तेच करून देतं, आणि परीक्षेत कागद समोर आला की मूल रिकामं.

उणिवा दोन. कंस नाहीत: २(क्ष + ३) = १४ जसंच्या तसं मांडता येत नाही. तिसऱ्या भागात एक क्ष आणि तीन १ असे दोन गट वेगवेगळे मांडून तो विस्तार समजावता येतो, पण ते शिक्षकाने करायचं. दुसरी उणीव मोठी आहे. सरावाच्या भागात समीकरण नेहमी तयार मिळतं. शाब्दिक उदाहरणावरून ते मांडायचं कसं, याबद्दल इथे काहीच नाही. आणि आठवीच्या 'एकचल समीकरणे' या प्रकरणात मुलं सर्वाधिक अडतात ती मांडणीतच.

त्यातही मराठी वाक्यरचनेचे स्वतःचे सापळे आहेत. 'दुप्पट करून ३ मिळवले' म्हणजे २क्ष + ३. '३ मिळवून दुप्पट केली' म्हणजे २(क्ष + ३). शब्द तेच, फक्त 'करून' आणि 'मिळवून'ची जागा बदलली. क्ष = ४ घेतला तर पहिल्याचं उत्तर ११, दुसऱ्याचं १४. 'एका संख्येतून ७ वजा केले' हे क्ष − ७, '७ मधून एक संख्या वजा केली' हे ७ − क्ष: 'तून' किंवा 'मधून' ज्याला लागलं ते आधी लिहायचं. 'अमितकडे सुमितपेक्षा ५ गोट्या जास्त' यात 'पेक्षा' सुमितला लागलाय, म्हणून सुमितच्या क्ष धरायच्या आणि अमितच्या क्ष + ५. घाईत मुलं ५ सुमितच्याच खात्यात टाकतात, कारण वाक्यात तो आकडा त्याच्या नावाला चिकटून येतो.

इथे तिसऱ्या भागाचा एक आडवळणाचा उपयोग आहे. उत्तर आधीच ठाऊक असलेलं उदाहरण घ्या. क्षला ती किंमत द्या, मग वाक्य जसं वाचाल तसं ठोकळ्यांत मांडा. मांडणी चुकली असेल तर दांडी कलते. उलटसुलट झालेली वजाबाकी किंवा भलत्याच बाजूला पडलेले ५ लगेच पकडले जातात.

क्ष कशाला म्हणायचं हे मात्र तराजू सांगत नाही. एसटीच्या दोन पूर्ण आणि एका अर्ध्या तिकिटाचे मिळून २२५ रुपये झाले. पूर्ण तिकीट क्ष रुपये धरलं तर २क्ष + क्ष/२ = २२५; छेद घालवायला २ ने गुणलं की ५क्ष = ४५०, क्ष = ९०. अर्धं तिकीट क्ष रुपये धरलं तर पूर्ण तिकीट २क्ष, दोन पूर्ण म्हणजे ४क्ष, आणि समीकरण ५क्ष = २२५, क्ष = ४५. अपूर्णांक आलाच नाही. पण क्ष म्हणजे काय ते वहीत लिहिलं नसेल, तर मूल ४५ लाच पूर्ण तिकीट समजून मोकळं होतं. म्हणून पहिली ओळ नेहमी हीच: 'समजा, अर्ध्या तिकिटाची किंमत क्ष रुपये.' आणि ताळा समीकरणात नाही, मूळ वाक्यात घ्यायचा: ९० + ९० + ४५ = २२५.

नववी-दहावीच्या दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी याच साधनाची वेगळी आवृत्ती आहे. तिच्याकडे वळण्याआधी पाचव्या भागातली शेवटची पातळी बटणाला हात न लावता, वहीवर सोडवता येतेय ना, एवढं पाहून घ्या.