पावलाचं हाड मोडलंय: व्हर्च्युअल क्लिनिक की समोरासमोर तपासणी?

ब्रिटनमध्ये इमर्जन्सीत पावलाचा एक्स-रे काढतात, पायात वेल्क्रोचा बूट चढवतात आणि ‘घरी जा, फोन येईल’ असं सांगतात. ही टाळाटाळ वाटते, पण नसते. हेच व्हर्च्युअल क्लिनिक. ग्लासगो रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात २०११ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत ऑर्थोपेडिक कन्सल्टंट तुमच्या गैरहजेरीत एक्स-रे आणि नोंदी तपासतात. मग पुढचं फोनवर कळतं. कोणती पद्धत बरी, हे बहुतेक वेळा मोडलेलं हाडच ठरवतं.

पाऊल आत मुरगळून करंगळीकडच्या पाचव्या मेटाटार्सलच्या (पावलातल्या लांब हाडाच्या) बुडाचा तुकडा निघाला असेल, तर व्हर्च्युअल क्लिनिक पुरतं. झेपेल तेवढा भार द्यायचा, बूट फक्त चालताना घालायचा आणि ३ ते ६ आठवड्यांत सोडायचा. दुसऱ्या पायात जाड तळाचा जोडा हवा, नाहीतर उंचीतल्या फरकाने कंबर धरते. सूज ३ महिन्यांहून जास्त राहू शकते. एक्स-रेत फट त्याहूनही उशिरापर्यंत दिसते, म्हणून दुखणं कमी होत असताना ‘हाड जुळलं का’ हे पाहायला पुन्हा फोटो काढण्यात अर्थ नाही. मोडलेली लहान बोटं सरळ असतील तर मध्ये गॉज ठेवून शेजारच्या बोटाला पट्टीने बांधायची. त्यासाठी खेटे घालू नयेत.

तेच पाचवं हाड दोनेक सेंटीमीटर पुढे मोडलं की गणित बदलतं. हे जोन्स फ्रॅक्चर. ब्रिटिश हाडांचे सर्जन सर रॉबर्ट जोन्स यांनी नाचताना स्वतःचंच हाड मोडून घेतलं आणि १९०२ मध्ये त्यावर लिहिलं. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे हाड न जुळण्याची भीती असते. सिगारेट ओढणाऱ्यांना ती जास्त. पुन्हा एक्स-रे लागतो, खेळाडूंना अनेकदा स्क्रूही.

फोनवर सर्वांत धोकादायक चकवा लिसफ्रांकच्या, म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्यांच्या, दुखापतीचा. पाय अधांतरी ठेवून काढलेल्या एक्स-रेत हाडं जागच्या जागी दिसू शकतात. भार दिल्यावरच फट उघडते. पावलाच्या मधोमध सूज आणि तळव्यावर निळा डाग असेल तर समोरासमोर तपासणी मागाच. टाच, घोट्याखालचं हाड, उघडी जखम यांनाही फोन पुरत नाही. मधुमेहाने पाय बधिर असेल तर ‘फार दुखत नाही’ या उत्तरावर विसंबून चालत नाही.

फोन चुकला की सगळीच साखळी तुटते, तेव्हा नंबर तपासून घ्या. आईवडिलांना इंग्रजी अवघड जात असेल तर आधीच दुभाषी मागा. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्याचे पैसे पडत नाहीत. पोटरी सुजून दुखू लागली तर मात्र क्लिनिकच्या फोनची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट ९९९ हा आपत्कालीन नंबर लावा.