घरी येणारा ख्रिस्तप्रसाद: एका सुनेचा अभिप्राय

नवऱ्याचं म्हणणं, देवाच्या कामाला गुण द्यायचे नसतात. माझं म्हणणं, गुण देवाला नाहीतच, व्यवस्थेला आहेत. फ्रिज दुरुस्त करून गेलेल्या माणसाबद्दल आपण चार ओळी लिहितो, मग ज्या सेवेवर आमच्या घरातला रविवार उभा आहे तिच्याबद्दल का नाही? तेव्हा लिहितेच. सेवा: आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना धर्मग्रामातर्फे, म्हणजे आपल्या भागातल्या कॅथलिक चर्चतर्फे, घरी ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) आणून देणं. सेवा घेणाऱ्या: माझ्या सासूबाई. अभिप्राय देणारी: त्यांची सून, म्हणजे प्रत्यक्षात टेबल पुसून ठेवणारी.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा डावी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं आणि स्वभाव मात्र जागच्या जागी. वेदीवरची कापडं त्यांनी वर्षानुवर्षं धुतली, इस्त्री केली. कुठल्या रविवारी फादरांचा झगा हिरवा आणि कुठल्या रविवारी जांभळा, हे त्यांना तोंडपाठ. अशा बाईचं चर्च एका आठवड्यात बंद झालं. आजाऱ्याला रविवारच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, बंधन नसतं, आणि त्याला एकटं टाकून निघणं शक्य नसेल तर सांभाळणाऱ्यालाही नसतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी उजव्या हातानंच मला गप्प केलं. बंधन सुटलं म्हणून ओढ थोडीच सुटते!

टीव्हीवरची मिस्सा आम्ही लावायचो. वाईट नसते. वाचनं ऐकू येतात, प्रवचन बरं असलं तर घरभर ऐकलं जातं. पण कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याची, वेळ आली की पडद्यावरची माणसं रांगेत पुढे सरकायची आणि सासूबाई डोळे मिटून आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे प्रसाद मनानंच स्वीकारण्याची, प्रार्थना पुटपुटायच्या. मग म्हणायच्या, ‘बंद कर आता.’ एवढ्यावरून मी धर्मग्रामाच्या ऑफिसला फोन केला.

पहिला चांगला गुण इथेच. फोनवरच्या बाईंनी नाव-पत्ता घेऊन सोडून दिलं नाही. विचारलं: गिळता येतं का? शुद्ध पूर्ण आहे का? पापनिवेदन करायची इच्छा आहे का, म्हणजे फादरांना वेगळं पाठवू? घरात आणखी कोण ख्रिस्तप्रसाद घेणार? हा शेवटचा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही कम्युनियनआधी तासभर उपाशी राहण्याची अट नाही, चर्चच्या कायद्यात, धर्मसंहितेतच तसं आहे (१९८३ची संहिता, कलम ९१९). सकाळी औषधं देताना उभ्या उभ्या दोन घास खाल्लेल्या बाईला हे ऐकून किती हलकं वाटतं, ते ज्यांनी घरी रुग्ण सांभाळला आहे त्यांनाच कळेल.

तयारी फार नाही. एक स्वच्छ टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. एक सूचना मात्र ऑफिसनं दिली नाही, म्हणून मी देते: खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. बॅटरीवरचा दिवा चालतो, देव रागावत नाही. टीव्ही, मोबाइल बंद. आणि रुग्णाला आधीच बसतं करून ठेवा, प्रसाद घेऊन येणारी सेविका दारात उभी असताना उशा शोधत बसू नका.

आता अडचण. दारात आली ती सेविका, फादर नव्हेत. तिशीतली मुलगी, नोकरी करणारी, गळ्यात एक छोटी थैली, थैलीत पिक्स, म्हणजे ख्रिस्तप्रसाद नेण्याची चपटी सोनेरी डबी. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या लहानपणी त्या डबीला सामान्य माणसानं हात लावणं ही कल्पनाच नव्हती. मुलगी काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, ‘आजी, सुरुवातीच्या काळात तर मिस्सा झाली की उपसेवक, म्हणजे धर्मगुरूंचे मदतनीस, गैरहजर माणसांच्या घरी प्रसाद घेऊन जायचे. संत जस्टिन यांनी इ.स. १५०च्या सुमाराला ते लिहून ठेवलंय.’ भिंतीकडून उत्तर नाही. मग तिनं तार्सिसियसचं नाव काढलं. रोममध्ये ख्रिस्तप्रसाद नेताना मारला गेलेला, पण हातातलं सोडलं नाही असा हुतात्मा. वेदीसेवकांचा हा आश्रयदाता संत, आणि माझा नवरा लहानपणी वेदीसेवक होता, त्यामुळे ही गोष्ट सासूबाईंनीच त्याला सांगितलेली. तोंड इकडे वळलं. पोप पॉल सहावे यांच्या काळात, १९७३ साली, प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य श्रद्धावंतांना हे काम देण्याची परवानगी साऱ्या चर्चसाठी झाली, हे तिनं नंतर सांगितलं, पण तोवर बाजी तिच्या हातात होती. प्रशिक्षण उत्तम, असं मी इथे नोंदवते.

विधी लहानसा असतो. अभिवादन, पश्चात्तापाची प्रार्थना, त्या रविवारच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, उतारा, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, मग ती जुनी कबुली की प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही. चर्चमध्ये हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेन, रांगेत कुठे उभं राहायचं याचा विचार करत. घरात, औषधांच्या बाटल्यांसमोर ते म्हटलं तेव्हा ध्यानात आलं की हे वाक्य मुळात घरच्या आजाऱ्यासाठीच बोललं गेलं होतं. कफर्णहूमचा शताधिपती, त्याचा चाकर घरी पक्षाघातानं पडलेला, आणि येशू म्हणतो, मी येतो. शताधिपती नको म्हणतो, नुसता शब्द बोल म्हणतो. आमच्याकडे शब्दही आला आणि पाहुणाही आला. छप्पर तसं जुनंच आहे, एका कोपऱ्यात ओल आहे.

गिळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर कुणी बोलत नाही आणि घरची माणसं घाबरून फोनच करत नाहीत. सासूबाईंना कोरडं काही दिलं की ठसका लागतो. सेविकेनं पहिल्या भेटीत फक्त एक बारीक तुकडा दिला, मागून चमचाभर पाणी, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं घट्ट केलेलं. तुकडा केवढा, याला महत्त्व नाही. त्या कणातही ख्रिस्त पूर्णच असतो, अशी आपली श्रद्धा आहे. तेवढंही उतरत नसेल तर केवळ द्राक्षरसाच्या रूपात, थेंबभर, ख्रिस्तप्रसाद देता येतो. त्याची व्यवस्था आधी ठरवावी लागते, फादरांशी बोला. आणि तोंडातून बाहेर आला तर? आमच्याकडे एकदा आला. मी कपाळाला हात लावला, सासूबाई रडवेल्या झाल्या. मुलीनं शांतपणे तो पाण्यात ठेवला, झाकला, बरोबर नेला. तो पूर्ण विरघळला की ते पाणी चर्चच्या सॅक्रिस्टीतल्या (वेदीचं सामान ठेवण्याच्या खोलीतल्या) एका खास कुंडीत ओततात, तिचं पाणी गटारात न जाता थेट मातीत मुरतं. तिनं हे सांगेपर्यंत मला वाटत होतं की आता मोठाच गुन्हा घडला. तिच्या चेहऱ्यावर जराही धक्का नव्हता, आणि त्यामुळेच पुढच्या रविवारी सासूबाईंनी तोंड उघडलं.

विधीनंतर ती पाच मिनिटं बसते. हीच माझ्या मते या सेवेतली खरी गोष्ट. ती मिस्सा संपल्यावर थेट येते, वाटेत भाजी घेत नाही की बँकेत जात नाही, प्रसाद जवळ असताना तसं करायचंच नसतं. त्यामुळे तिच्याबरोबर रविवार ताजाच येतो. सासूबाईंची उलटतपासणी सुरू होते. वाचन कोणी केलं? अडखळला का? कोणतं गीत म्हटलं? कोणाच्या लग्नाची घोषणा झाली? वेदीवरचं कापड नीट बसलं होतं का? (बसलं नसेल तर पुढचा आठवडाभर मला ऐकावं लागतं.) मुलगी धर्मग्रामाचं पत्रक ठेवून जाते आणि त्यावर दोन-तीन नावांखाली रेघ मारलेली असते: ऑपरेशन असलेलं कुणी, बाप्तिस्मा व्हायचं बाळ, नोकरी गेलेलं कुणी. ‘आजी, यांच्यासाठी जपमाळ.’ सासूबाईंना काम मिळालं. इतके दिवस सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते. त्याचा त्यांना कंटाळा आला होता, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून बदली माणूस आला की फरक फार जाणवतो. एक गृहस्थ आले होते, सज्जन, पण यादीत बरीच घरं असावीत. अभिवादन आणि आशीर्वाद यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती, शुभवर्तमान गाळलं, खिशात फोन वाजत होता. संस्कार म्हणून काही कमी नव्हतं, मी वाद घालणार नाही. पण सासूबाई म्हणाल्या, ‘पार्सल आलं.’ त्यांची जीभ किती सुधारली आहे याचा तो पुरावाच.

तक्रारी आणखी आहेत. यादी एकाच माणसाच्या डोक्यात आहे. ते बाहेरगावी गेले तेव्हा सलग काही रविवार दारात कुणी आलं नाही, आणि आम्ही सकाळपासून पांढरं कापड घालून बसलेलो. यादी वहीत लिहा, वही दोघांकडे ठेवा, एवढीच मागणी. दुसरं, ११ फेब्रुवारीच्या सुमाराला, जागतिक आजारी दिनानिमित्त, रुग्णांसाठी खास मिस्सा असते. जॉन पॉल दुसरे यांनी हा दिवस १९९२ साली सुरू केला, हेतू चांगला. पण चर्चला पायऱ्या आहेत आणि व्हीलचेअरसाठी उतार नाही! चौघांनी सासूबाईंना उचलून वर नेलं, पुढच्या रांगेत बसवलं, फोटो काढले. त्या परत आल्यावर दिवसभर झोपल्या. त्या एका सोहळ्यापेक्षा मला दर रविवारची पाच मिनिटं जास्त मोलाची वाटतात.

फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतात, कारण पापनिवेदन ऐकणं आणि रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, देणं सेविकेला करता येत नाही, ते धर्मगुरूचंच काम. फादर आले की आम्ही सगळे स्वयंपाकघरात, दार बंद. सासूबाई पलंगावरून उठत नाहीत, त्यांना एवढं सांगण्यासारखं काय असतं कोण जाणे. कदाचित माझ्याबद्दल असेल.

रुग्णाभ्यंगावरून घरात वाद झाला. नणंद म्हणाली, ‘इतक्यात कशाला? आई घाबरेल, तिला वाटेल संपलं.’ ही समजूत घराघरात आहे, आणि तिच्यामुळे माणसं शुद्ध हरपेपर्यंत फादरांना बोलवत नाहीत. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ सालीच स्पष्ट केलं की हा संस्कार केवळ मरणाच्या काठावरच्यांसाठी नाही. गंभीर आजार किंवा म्हातारपणामुळे धोका निर्माण झाला की ती योग्य वेळ झालीच, आणि दुखणं पुन्हा बळावलं तर तो पुन्हा घेता येतो. फादरांनी नणंदेला हे समजावलं, पण मुद्दा सासूबाईंनीच निकालात काढला: ‘मला विचारलं का कुणी?’ फादरांनी कपाळाला आणि दोन्ही तळव्यांना तेल लावलं. डावा तळहात त्यांना स्वतःला उघडता येत नाही, नणंदेनं बोटं सोडवून धरली.

पैसे कुणी मागितले नाहीत, संस्कारांना शुल्क नसतंच. चहाला मुलगी नाही म्हणते, पुढचं घर वाट पाहत असतं.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या यादीसाठी आणि पायऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. जे अजून फोन करायला कचरत आहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगते: धर्मग्रामाला आपोआप कळत नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं असेल, रांगेतली जागा रिकामी दिसली असेल, यावर विसंबू नका. फोन स्वतः करा, गिळण्याचं आधी सांगा, ऐकायला कमी येतं का ते सांगा, कोणती वेळ औषधांच्या आड येत नाही ते सांगा. रुग्णालयात हलवलंत तर त्याच दिवशी ऑफिसला कळवा, वॉर्ड आणि खाट क्रमांकासकट, नाहीतर सेविका बंद दारासमोर उभी राहते आणि तिकडे रुग्ण तिची वाट पाहत बसतो. आणि घरातल्या कुणाला कम्युनियन घ्यायची असेल तर तेही फोनवरच सांगा, ती मोजूनच आणते.