नव्या खोक्यात आलेला जुना फ्रीज

चतुर्थीला आठ दिवस उरले होते आणि आमचा जुना फ्रीज बंद पडला. डिचोलीत आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, मुंबईची माणसंही येतात, त्यामुळे थांबणं शक्य नव्हतं. म्हापशाच्या एका मोठ्या दुकानात चतुर्थीची सूट होती. दोन दारांचा फ्रीज २७,८०० रुपयांना पडला. यूपीआयनं पैसे भरले. दुकानदारानं साध्या कागदावर रक्कम लिहून दिली. "बाय, आज गर्दी आहे, पक्कं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो," म्हणाला. मी बरं म्हटलं. आता वाटतं, तिथंच थांबून बिल मागायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. खोक्यावरची चिकटपट्टी एकीवर एक अशी दोनदा लावलेली होती. नव्या दारावर असतो तो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा नव्हता. मागच्या बाजूला बारीक धूळ होती. सासूबाई म्हणाल्या, "गोदामात पडून राहिला असेल." माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान यायला लागलं होतं, आम्ही पुढच्या कामाला लागलो.

गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी वरचा फ्रीजर गार आणि खालचे कप्पे कोमट. पायसासाठी काढून ठेवलेला नारळाचा रस आंबला, दूध नासलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "आम्ही फक्त विकतो, मशीनचं कंपनी बघेल." हे वाक्य बहुतेकांना ऐकवलं जातं आणि बहुतेक जण तिथंच गप्प बसतात. पण कायद्यापुढे विकणारा सुटत नाही. तक्रार करताना दुकान आणि कंपनी दोघांनाही सामील करता येतं, आणि करावंच.

विसर्जनानंतर कंपनीचा माणूस आला. "तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, स्टॅबिलायझर बसवा," एवढं सांगून त्यानं आतलं बटण फिरवलं आणि निघताना म्हणाला, "फोनवर ओटीपी आला असेल, तो सांगा." मी सांगितला. संध्याकाळी मेसेज आला की तक्रार सुटली आहे. फ्रीज तसाच कोमट होता. तो ओटीपी म्हणजे काम झाल्याची तुमची सही असते, हे मला तेव्हा कळलं. काम होऊन एक रात्र फ्रीज नीट चालल्याशिवाय तो आकडा कुणालाही देऊ नका, माणूस कितीही घाईत असला तरी.

पुन्हा तक्रार नोंदवली. या खेपेस आलेला मुलगा वयानं लहान होता. त्यानं आतल्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर मोबाईलमध्ये घातला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, हा फ्रीज चौदा महिन्यांपूर्वी विकलेला दाखवतोय. वर्षाची वॉरंटी संपली. गॅस भरायचा तर पैसे पडतील."

माझे हातपाय गार पडले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं बिल उघडलं. त्यात मॉडेल होतं, तारीख होती, सिरीयल नंबरची जागा कोरी. कुणीतरी परत केलेला फ्रीज पुन्हा खोक्यात घालून आम्हाला नवा म्हणून विकला होता. त्या मुलाला मी विनंती केली की जे दिसतंय ते तुमच्या जॉबशीटवर लिहून द्या. त्यानं लिहून दिलं, खाली सही केली. पुढचं सगळं त्या एका कागदावर उभं राहिलं.

दुकानात गेले तेव्हा मालकानं बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' असं छापलं म्हणून हक्क संपत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं, बिल न देणं, सदोष वस्तू बिलातल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, या सगळ्याला त्यात अनुचित व्यापार पद्धत म्हटलं आहे. मी हे मालकाला तोंडी सांगितलं. त्यानं हसून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे तोंड वळवलं. ते हसणं मला अजून लागतं.

घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हुकूम काढत नाही, समोरच्याला कळवून तडजोड घडवायचा प्रयत्न करते. त्यामुळे तेवढ्यावर विसंबले नाही. दुकान आणि कंपनी दोघांना रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं: पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करा, नाहीतर पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सोबत बिल, यूपीआयची नोंद, जॉबशीट आणि स्टिकरचा फोटो यांच्या प्रती जोडल्या.

ही नुसती धमकी नव्हती, मी अर्ज लिहूनही ठेवला होता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात शुल्क लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल होते, म्हणजे बेळगावहून आणलेल्या वस्तूसाठी बेळगावला खेटे घालायला नकोत. दक्षिण गोव्याचा आयोग मडगावला आहे. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते: तोवर बाहेरच्या मेकॅनिककडून फ्रीज उघडू नका. आयोग वस्तू तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तुम्हीच छेडछाड केलीत असं म्हणायला समोरच्याला जागा राहता कामा नये. आम्ही तो प्लग काढून पडवीत झाकून ठेवला आणि दोन महिने शेजारच्या काकींच्या फ्रीजवर दिवस काढले.

बाराव्या दिवशी दुकानातून फोन आला. पैसे देतो म्हणाले, पण आधी 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही हवी होती. मी नकार दिला. आधी रक्कम खात्यात, मग सही. महिनाभर घासाघीस चालली. त्यांनी आधी दुरुस्ती, मग दुसरा फ्रीज, मग तीन हजार कापून परतावा असं करून पाहिलं. शेवटी २७,८०० रुपये जमा झाले. नासलेल्या दुधाचे, फेऱ्यांचे, त्या पाच दिवसांतल्या मनस्तापाचे काही मिळालं नाही. ती भरपाई आयोगाकडे मागता आली असती, पण सासूबाई तेव्हा आजारी होत्या आणि मी तिथंच थांबले.

फ्रीज न्यायला तोच टेंपो आला. मी ड्रायव्हरकडून पोच घेतली आणि तिच्यावर सिरीयल नंबर त्याच्याच हातानं लिहून घेतला. बिलातली कोरी जागा निदान त्या कागदावर भरली.