बिटमॅपचा फक्त एक तुकडा दाखवायचाय? अँड्रॉइडमधल्या तीन वाटा

बिटमॅप म्हणजे मेमरीत पिक्सेल-पिक्सेल उलगडलेलं चित्र. त्याचा ठरावीक भागच पडद्यावर काढायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये तीन वाटा आहेत. कॅनव्हासच्या, म्हणजे चित्र काढायच्या पृष्ठभागाच्या, ड्रॉबिटमॅप फंक्शनला ‘यातला एवढाच भाग घे’ असं सांगायचं, क्रिएटबिटमॅपने तुकडा कापून वेगळा बिटमॅप करायचा, नाहीतर बिटमॅपरीजनडिकोडरने फाइलमधून तेवढाच भाग वाचायचा. निवड करण्याआधी एकच गोष्ट तपासा: अख्खं चित्र मेमरीत आधीच आहे का, आणि नसेल तर ते आणणं परवडेल का?

फाइलचा आकार बघून याचं उत्तर मिळत नाही. नेहमीच्या एआरजीबी_८८८८ प्रकारात (पारदर्शकता, लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ८ बिट) प्रत्येक पिक्सेल ४ बाइट खातो. ४०००×३००० चा फोटो जेपीईजी म्हणून कितीही छोटा असो, मेमरीत उघडला की ४८ एमबी.

चित्र मेमरीत असेल तर माझं मत ठाम आहे: ड्रॉबिटमॅप. त्याला दोन चौकटी लागतात, चित्रातला कुठला भाग घ्यायचा याची एक आणि पडद्यावर कुठे काढायचा याची दुसरी. नवा बिटमॅप तयार होत नाही. गेमसाठीची स्प्राइट शीट घ्या, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या सगळ्या फ्रेम ओळीने मांडलेलं एकच चित्र. ५१२×५१२ च्या एका शीटमध्ये ६४×६४ च्या ६४ फ्रेम मावतात आणि सगळं मिळून १ एमबी लागतं. हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन चालू असेल, म्हणजे चित्र काढायचं काम जीपीयू (ग्राफिक्स चिप) करत असेल, तर ही शीट टेक्स्चर म्हणून तिच्याकडे एकदा जाते. पुढे प्रत्येक फ्रेमला फक्त चौकट बदलते.

ही चौकट रेक्ट नावाच्या ऑब्जेक्टने देतात आणि तिथेच बरेच जण घसरतात. रेक्टला डावी, वरची, उजवी आणि खालची कड लागते, रुंदी-उंची नाही. शून्यापासून मोजलं तर तिसऱ्या स्तंभातली, दुसऱ्या ओळीतली फ्रेम म्हणजे १९२, १२८, २५६, १९२. क्रिएटबिटमॅपला मात्र त्याच फ्रेमसाठी १९२, १२८, ६४, ६४ द्यावं लागतं. एकाकडून दुसऱ्याकडे कोड नेताना हे आकडे तसेच चिकटवले तर फ्रेम विचित्र दिसते, किंवा भाग चित्राबाहेर गेला म्हणून क्रिएटबिटमॅप एक्सेप्शन (चुकीची सूचना) फेकतं.

दुसरी अडचण डेन्सिटीची, म्हणजे पडद्यावर पिक्सेल किती दाट आहेत याची. शीट साध्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये ठेवली तर ती एमडीपीआयची (मूळ डेन्सिटीची) धरली जाते आणि तिप्पट दाट अशा एक्सएक्सएचडीपीआय फोनवर डिकोड होतानाच तिप्पट मोठी होते. ६४ ची फ्रेम १९२ ची झालेली असते, पण तुमची चौकट अजून ६४ च्या हिशेबात. शीट ड्रॉएबल-नोडीपीआयमध्ये ठेवा, नाहीतर डिकोड करतानाचा इनस्केल्ड हा पर्याय बंद करा. फिल्टर लावून फ्रेम मोठी काढणार असाल तर शीटमध्ये फ्रेमांच्या मधे एक-दोन पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर शेजारच्या फ्रेमची बारीक रेघ कडेला उमटू शकते. आणि रेक्ट ऑनड्रॉमध्ये, म्हणजे व्ह्यू काढताना दरवेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, नव्याने बनवू नका. एकदा बनवून ठेवा आणि आतले आकडे बदला.

क्रिएटबिटमॅप गरजेपेक्षा जास्त वापरलं जातं. तुकड्याच्या पिक्सेलांची ते नवी प्रत काढतं. म्हणजे मूळ चित्र आणि तुकडा, दोन्ही मेमरीत. त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी: मूळ चित्र सोडून द्यायचंय आणि तुकडा पुढे हवाय. फोटोतून कापलेला प्रोफाइलचा चेहरा सेव्ह करायचा किंवा इमेजव्ह्यूला द्यायचा, तेव्हा हेच योग्य. फक्त मूळ बिटमॅप लगेच रिसायकल करताना, म्हणजे त्याची मेमरी सोडून देताना, जपा. मूळ बिटमॅप बदलता न येणारा (इम्युटेबल) असेल आणि मागितलेला भाग म्हणजे अख्खं चित्रच असेल, तर प्रत निघत नाही, तोच बिटमॅप परत मिळतो. मग मूळ रिसायकल केलं की तुमचा ‘तुकडा’ही गेला.

आता प्रचंड चित्रं. १२०००×९००० चा स्कॅन केलेला नकाशा उघडला तर ४३२ एमबी. तो कसाबसा मेमरीत मावला, तरी कॅनव्हास १०० एमबीवरचा बिटमॅप काढायला नकार देतो आणि अ‍ॅप क्रॅश होतं. इथे बिटमॅपरीजनडिकोडरला पर्याय नाही. अँड्रॉइडच्या एपीआय पातळी १० पासून तो आहे. जेपीईजी आणि पीएनजी दोन्ही वाचतो, आणि हवी ती चौकट सांगितली की तेवढाच बिटमॅप देतो.

पण तो फुकट नाही. जेपीईजीचा डेटा सलग दाबलेला असतो, त्यामुळे चित्राच्या तळातला तुकडा हवा असेल तर वरचा भाग थोडाफार चाळावाच लागतो. म्हणून हे काम मुख्य थ्रेडवर (पडदा आणि स्पर्श सांभाळणाऱ्या) कधीच नको, आणि ऑनड्रॉमध्ये तर नकोच नको. शिवाय एक्झिफमधलं (फोटोसोबत फाइलमध्ये साठवलेल्या माहितीतलं) फिरवण्याचं चिन्ह तो पाळत नाही. फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये आडवा असू शकतो, तेव्हा चौकट आडव्या चित्राच्या हिशेबाने द्यायची आणि मिळालेला तुकडा स्वतः फिरवायचा.

झूम होणारा नकाशा बनवत असाल तर पहिली आणि तिसरी वाट एकत्र करा. डिकोड करताना चित्र लहान करणाऱ्या इनसॅम्पलसाइज या पर्यायाला ८ देऊन अख्खा नकाशा १५००×११२५ मध्ये, म्हणजे पावणेसात एमबीत, खाली ठेवा. वर ५१२×५१२ च्या फरश्या (टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे) लागतील तशा डिकोड करा. १०८०×२४०० च्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त २४ फरश्या लागतात, म्हणजे साधारण २४ एमबी. बोट सरकवताना नवी फरशी तयार होईपर्यंत खालच्या चित्राचा तेवढाच भाग ड्रॉबिटमॅपने ताणून दाखवा. तो थोडा अंधुक दिसेल, पण पांढरा चौकोन दिसणार नाही.